बडोद्याहून कच्छ, भर पावसात आणि एस.टी.नं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यातल्या कच्छची माहिती देणारे पुष्कळ आहेत. हे पान पावसाळ्यात, पाठीवर सॅक टाकून, सरकारी बसनं तिकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. दांडिया बाजार-रावपुऱ्यातली ओळखीची मुलं आणि पुण्या-नाशिकहून बडोद्याला येणारे पाहुणे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मार्ग असा धरला आहे: बडोदं, अहमदाबाद, भुज, मांडवी, खावडा, धोळावीरा आणि परत.

पावसाळ्यात पांढरं रण दिसतं का? नसेल तर जायचं कशाला?

पांढरं रण दिसत नाही, हे आधीच सांगते. फक्त तेवढंच पाहायचं असेल तर डिसेंबर किंवा जानेवारीत पौर्णिमा धरून जा, धोरडोचा रणोत्सवही तेव्हाच असतो.

पण रण हे वाळूचं वाळवंट नव्हे. तो कोरड्या पडलेल्या उथळ समुद्राचा तळ आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची इतकी थोडी, की नैऋत्येचा वारा सुरू झाला की कोरी खाडीच्या बाजूनं समुद्राचं पाणी आत ढकललं जातं. दुसरीकडून लुणी नदी मोठ्या रणात आणि बनास, रूपेण छोट्या रणात पावसाचं गोडं पाणी आणून सोडतात. जमीन सपाट आणि चिकण, त्यामुळे हे पाणी पसरतं आणि तिथेच राहतं. ऑक्टोबरपासून ऊन ते आटवायला लागतं आणि मागे मीठ उरतं. डिसेंबरमध्ये ज्या पांढऱ्या जमिनीवर लोक फोटो काढतात, ती या चार महिन्यांच्या पाण्यानंच घडवलेली असते. रण कसं तयार होतं हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पावसाळ्याला पर्याय नाही.

शिवाय रणाच्या दक्षिणेला असलेला बन्नीचा गवताळ पट्टा एरवी करडा-पिवळा असतो, तो या दिवसांत हिरवा होतो. काळ्या अंगाच्या, वळणदार शिंगांच्या बन्नी म्हशी त्या गवतात चरताना बसच्या खिडकीतून दिसतात. त्यांना रात्री चरायला सोडण्याची तिथल्या मालधारींची, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांची, जुनी पद्धत आहे. सकाळी लवकरच्या गाडीनं गेलात तर परतणारे कळप रस्ता अडवतील. अडवू द्या.

नेमकं कधी निघावं?

माझं मत विचाराल तर अनंत चतुर्दशीला गणपती पोचवून झाले की. सप्टेंबरच्या उत्तरार्धात बडोदं-अहमदाबादला सरी चालू असतात, कच्छात मोठा पाऊस सरत आलेला असतो, रणात पाणी आणि बन्नीत गवत दोन्ही असतं. बडोद्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कच्छात त्याच्या निम्म्याहूनही कमी. तोही मोजक्याच दिवसांत, एकदम कोसळून.

जूनचा मध्य मी टाळायला सांगते, कारण अरबी समुद्रात वादळं होण्याचा तो काळ. १५ जून २०२३च्या रात्री बिपरजॉय चक्रीवादळ कच्छात जखौजवळच किनाऱ्यावर आलं होतं. श्रावणातली सातम-आठम, म्हणजे आपली गोकुळाष्टमी आणि तिचा आदला दिवस, हीही टाळा. त्या आठवड्यात सगळं सौराष्ट्र जत्रांना निघतं आणि जादा गाड्या सोडूनही उभं राहायला जागा मिळत नाही.

आषाढी बीज मात्र वेगळी गोष्ट. आपल्या आषाढी एकादशीच्या नऊ दिवस आधी येणारी ही द्वितीया म्हणजे कच्छी लोकांचं नववर्ष. पावसाच्या तोंडावर वर्ष सुरू करणारा हा मुलूख पावसाकडे कसा पाहतो, ते त्या दिवशी भुजमध्ये असाल तर कळेल.

बडोद्यात जोराचा पाऊस असेल आणि त्याच दिवसाचं तिकीट असेल तर?

जुन्या शहरात राहणाऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. एस.टी. डेपो सयाजीगंजला, रेल्वे स्टेशनला लागून. दांडिया बाजार, रावपुरा, बडोद्यातली मांडवी हे सगळं विश्वामित्री नदीच्या अलीकडे. म्हणजे डेपो गाठायला नदी ओलांडावीच लागते, आणि नदी चढली की काळा घोड्याजवळचा पूल बंद करतात. त्यामुळे रात्रीची गाडी असेल आणि आजवा तलावाचं पाणी नदीत सोडल्याची बातमी दुपारी आली, तर दुपारीच नदीपलीकडे जा. फतेगंज किंवा अलकापुरीत कुणी नातेवाईक असतातच, त्यांच्याकडे चहा घ्या.

साचलेल्या पाण्यातून चालत डेपो गाठायचा विचारही करू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत येतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात बडोदेकरांनी त्या रस्त्यांवर आणि अंगणांत पाहिल्या आहेत. उघडी गटारं आणि पाण्यात उतरलेली वीज हे धोके तर त्याहून जास्त. गाडी चुकली तर चुकू द्या.

कोणती बस घ्यावी? थेट भुज की टप्प्याटप्प्यानं?

बडोद्याहून भुजला रात्रीच्या थेट गाड्या आहेत. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या जवळपास, रात्रभराचा प्रवास. वेळ कमी असेल तर स्लीपर घ्या आणि खालची बर्थ मागा. पावसात वरच्या बर्थच्या खिडकीतून पाणी झिरपण्याची शक्यता असते.

दिवस हाताशी असतील तर मी टप्पे करायला सांगेन. बडोदं ते अहमदाबाद सुमारे ११० किलोमीटर, एक्सप्रेसवेनं दोन तासांत गीता मंदिरचा एस.टी. स्टँड. पुढे अहमदाबाद ते भुज सुमारे ३३० किलोमीटर, ते दिवसा करा. हळवद, माळिया, सामखियाळी, भचाऊ असा रस्ता आहे. माळियानंतर सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ सुरू होतं. झाडं ठेंगणी होत जातात, गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, वाढत जाते, हवेला खारट वास येतो. मुलूख कसा बदलतो ते झोपेत निघून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

गाड्यांचे प्रकार म्हणाल तर लोकल, एक्सप्रेस, गुर्जरनगरी, स्लीपर आणि वोल्वो. सॅकवाल्यांना गुर्जरनगरी सगळ्यात सोयीची. भाडं आटोपशीर, थांबे माफक, आणि पाऊस थांबला की खिडकी उघडता येते. वोल्वोच्या बंद काचेवर आतून बाष्प धरतं आणि बाहेरचं काही दिसत नाही. लांबच्या गाड्यांचं आरक्षण महामंडळाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर होतं. भुजच्या पुढच्या तालुक्याच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, स्टँडवर जाऊन बसायचं.

पास काढला तर परवडतो का?

महाराष्ट्रातल्या 'आवडेल तेथे कोठेही प्रवास'सारखीच गुजरात एस.टी.ची 'मन फावे त्यां फरो' योजना आहे, चार किंवा सात दिवसांची. रोज लांबचा पल्ला मारणार असाल तरच पास काढा. कच्छात दोन-दोन दिवस एका जागी राहायचं असेल तर सुटं तिकीट स्वस्त पडतं.

अहमदाबादला थांबावं का?

एक रात्र जरूर थांबा. गीता मंदिरहून जुनं शहर जवळच आहे. २०१७ साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलेल्या या शहरातल्या 'पोळ', म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्या, पावसात पाहण्यासारख्या असतात. जुन्या घरांच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी असते. छपरावरचं पाणी नळीनं खाली उतरवून वर्षभर प्यायला वापरायची ही व्यवस्था. पुढे धोळावीऱ्याला पोचाल तेव्हा तिची आठवण ठेवा.

आपल्या लोकांसाठी आणखी एक जागा म्हणजे रायखडमधली गायकवाड हवेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदाबादचा कारभार पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेला होता, आणि ही हवेली गायकवाडांच्या बाजूची. बडोद्याच्या माणसानं तिथून न जाता पुढे जाऊ नये.

पाऊस पडला की अहमदाबादकर दाळवड्यांच्या रांगेत उभे राहतात. तुम्हीही राहा. रिक्षानं फिरताना मात्र मोठ्या सरीनंतर अंडरपास टाळायला सांगा. मिठाखळी आणि अखबारनगरचे अंडरपास पाण्यानं भरतात आणि बंद होतात.

भुजमध्ये पावसात काय पाहायचं?

हमीरसर तलाव. शहराच्या मधोमध आहे, आणि काठोकाठ भरून वाहू लागला की भुजमध्ये सण होतो. नगराध्यक्ष वाजतगाजत येऊन पाण्याची पूजा करतात, मेघलाडूंचं जेवण होतं आणि शहराला स्थानिक सुट्टी मिळते. दर वर्षी हे होतंच असं नाही, कारण दर वर्षी तलाव भरतोच असं नाही. आपल्याकडे नदी चढली की घरातलं सामान माळ्यावर टाकायची घाई होते. चार-पाचशे किलोमीटरवर त्याच पावसासाठी लोक लाडू वळतात. या एका फरकासाठी हा सगळा प्रवास करावा असं मला वाटतं. 'हमीरसर ओगन्युं', म्हणजे हमीरसर भरून वाहू लागला, अशी बातमी भुजमध्ये असताना आली तर पुढचे सगळे बेत बाजूला ठेवा.

तलावाकाठीच १८७७ साली स्थापन झालेलं कच्छ संग्रहालय आहे, जवळच आयना महाल आणि प्राग महाल. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानं दोन्ही महालांचं मोठं नुकसान केलं. ते पाहून झाल्यावर भुजिया डोंगरावरच्या स्मृतिवनात जा. २०२२ साली खुलं झालेलं हे स्मारक भूकंपात गेलेल्यांचं आहे. उतारावर बंधारे घालून पाणी अडवलंय आणि तिथेच मृतांची नावं कोरली आहेत. पावसाळ्यात ते बंधारे भरलेले असतात. तिथे हळू चाला, नावं वाचा. स्मृतिवनातलं संग्रहालय पाहायला अर्धा दिवस लागतो, उरकण्यासारखं ते नाही.

मांडवीला समुद्रात उतरता येतं का?

नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. भुजहून सुमारे ६० किलोमीटर, गाड्या सतत आहेत, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. रुक्मावतीच्या मुखाशी लाकडी गलबतं हातानं बांधतात, ते पाहा. दाबेली मांडवीतच जन्मली, ती तिथे खा. आणि श्यामजी कृष्ण वर्मांचं क्रांतितीर्थ चुकवू नका. ते मांडवीचे. लंडनच्या त्यांच्या इंडिया हाउसची प्रतिकृती तिथे उभारली आहे. सावरकर त्यांच्याच मार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेले आणि त्याच इंडिया हाउसमध्ये राहिले.

खावडा आणि काळ्या डुंगराला एस.टी. जाते का?

भुज ते खावडा सुमारे ७० किलोमीटर. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात. भुज स्टँडवर आदल्या दिवशी संध्याकाळी चौकशी खिडकीवर वेळ विचारा आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता हेही तेव्हाच विचारून कागदावर लिहून घ्या. खावड्याच्या पुढे मोबाइलला रेंज कमी, तेव्हा ॲपवर भिस्त ठेवू नका. वाटेत भिरंडियाराला मावा मिळतो, बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा. घ्याच.

काळा डुंगर खावड्याहून सुमारे २५ किलोमीटर. तिथवर जाण्यासाठी खावड्यात जीप ठरवावी लागते, चार-पाच जण जमले तर भाडं वाटून जातं. साडेचारशे मीटरहून थोडा उंच, पण कच्छातला सगळ्यात उंच माथा. वर दत्तात्रेयाचं मंदिर आहे. दत्तप्रभूंनी भुकेल्या कोल्ह्यांना आपलं अंग देऊ केलं अशी तिथली कथा, आणि आजही आरतीनंतर कोल्ह्यांसाठी भाताचा प्रसाद ओट्यावर ठेवतात. ते येतात, खातात, निघून जातात. आवाज करू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका. आपल्यासारख्या दत्तभक्त घरांतल्या माणसांना इथे वेगळंच भरून येतं. भाविकांसाठीही प्रसादाचं जेवण असतं.

माथ्यावरून उत्तरेला पाहाल तर ढग नसताना थेट क्षितिजापर्यंत पाणी दिसतं. हिवाळ्यात याच जागी पांढरी रेघ असते.

धोळावीऱ्याला पावसात जावं का? रस्ता बंद होतो का?

जावं, आणि शक्यतो पावसातच जावं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी भरभराटीला आलेलं हे हडप्पाकालीन शहर खदीर बेटावर आहे, म्हणजे रणात पाणी भरलं की चारी बाजूंनी वेढलेलं. त्या लोकांनी मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांवर बंधारे घातले आणि ते पाणी शहराभोवती खोदलेल्या हौदांत वळवलं. हौद दगडात कोरलेले, पायऱ्या असलेले, एकमेकांना जोडलेले. कोरड्या दिवसांत ते नुसते मोठे खड्डे वाटतात. ओढे वाहताना पाहिले की कोणत्या बाजूनं पाणी येई आणि कुठे साठे, हे कुणी न सांगता समजतं. आर. एस. बिष्ट यांच्या देखरेखीखाली १९९०पासून इथे मोठं उत्खनन झालं आणि २०२१ साली युनेस्कोनं हे स्थळ जागतिक वारशात घेतलं. उत्तर दरवाज्याजवळ सापडलेल्या दहा अक्षरांच्या फलकाची जागाही पाहून या. ती लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही.

जायच्या वाटा दोन. रापरहून एस.टी. आहे, लांब पण भरवशाची. दुसरी खावड्याहून रण कापत जाणारा सरळ रस्ता, ज्यासाठी खासगी वाहन लागतं. पावसाळ्यात त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं आणि वारा भन्नाट. अतिवृष्टीचा इशारा असेल तर या रस्त्यानं जाऊ नका. वाटेत आडोसा नाही, वस्ती नाही. रापरच्या बाजूला फरशी पुलावरून पाणी वाहत असलं की एस.टी.चा ड्रायव्हर गाडी थांबवतो आणि उतरेपर्यंत थांबूनच राहतो. तो जे म्हणेल ते ऐका. त्याच्यावर घाई करणाऱ्या प्रवाशांमध्ये आपण नसावं.

याचसाठी सांगते की बेतात एक दिवस मोकळा ठेवा. परतीचं आरक्षण आणि ऑफिसची हजेरी यांच्यात एक रात्र असू द्या. पावसाळ्यातल्या प्रवासात तोच दिवस जिवाची काळजी घेतो.

परवाना लागतो का?

धोरडोकडच्या रणात जायला लागतो. भिरंडियाराच्या चौकीवर किंवा ऑनलाइन मिळतो. मूळ ओळखपत्र आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. हा सीमेजवळचा मुलूख आहे. जवानांनी विचारलं तर सरळ उत्तर द्या, आणि सांगितलं असेल तिथे फोटो काढू नका.

रानगाढवं पाहता येतील का?

पावसाळ्यात नाही. छोट्या रणातलं अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं.

सॅकमध्ये काय भरावं?

छत्री घरी ठेवा. कच्छच्या वाऱ्यात ती उलटी होते. डोक्यावर टोपी असलेला रेनकोट किंवा पोंचो घ्या. सॅकला बाहेरून कव्हर असलं तरी आतले कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, कारण एस.टी.च्या डिकीत पाणी शिरतं. सॅक शक्यतो मांडीवर किंवा सीटखाली ठेवा.

पायात पट्ट्याची सँडल, आणि बूट एकच जोड. रणाच्या कडेचा चिखल घोट्यापर्यंत ओढतो आणि त्यातलं मीठ चामडं खातं, म्हणून त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. पाणी दिसलं म्हणून रणात आत चालत जाऊ नका. वरचा थर टणक वाटतो आणि खाली मऊ असतो.

पावसाळा असला तरी ढग हटले की कच्छचं ऊन चटके देतं. पाण्याच्या बाटल्या, ओ.आर.एस., डासांसाठी मलम, टॉर्च, वाळायला दोरी आणि चार चिमटे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. लेप्टोस्पायरोसिस तिथूनच होतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं सगळं सांगा.

वाटेत खाण्याचं काय?

पहिल्या दिवसासाठी घरच्या दशम्या आणि तिळाची किंवा लसणाची चटणी, त्या पावसातही टिकतात. थेपले तर आता आपल्या सगळ्याच घरांत होतात. बडोद्याचा लिलो चेवडो मात्र मुळातच ओलसर, दमट हवेत टिकत नाही, तो अहमदाबादपर्यंत संपवा. कच्छात ढाब्यावर बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, खिचडी-कढी आणि ताक मिळतं. ताकाचे पैसे कित्येक ठिकाणी घेत नाहीत. उघड्यावर कापलेली फळं आणि बर्फ टाळा. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की गुजरातमध्ये दारूबंदी आहे, सॅकमध्ये बाटली आणू नका.

राहायचं कुठे?

भुजमध्ये स्टँडजवळ साधी गेस्ट हाउसं भरपूर, आणि पावसाळ्यात भाव उतरलेले. रणाकडचे भुंगे, म्हणजे गोल मातीची घरं, या दिवसांत सगळी चालू नसतात, म्हणून फोन करूनच निघा. पश्चिमेला माता नो मढ किंवा नारायण सरोवराकडे जायचं ठरलं तर तिथे देवस्थानच्या धर्मशाळा आहेत. नवरात्राच्या आधी मढच्या रस्त्यावर हजारो पदयात्री असतात. जागोजागी सेवेचे मंडप लागतात, चहा-नाश्ता आग्रहानं देतात, आणि बसला मात्र वेळ लागतो.

मुलीनं एकटीनं जावं का? आई नको म्हणते.

आईला बस कोणती, थांबा कुठे, मुक्काम कुणाकडे, हे लिहून द्या. तिची काळजी खोटी नाही. तरीही माझं उत्तर हो आहे. एस.टी.त बायकांचा राबता असतो. कंडक्टरला 'भाई, मला अमुक थांब्याला उतरायचंय, सांगाल ना' एवढं म्हटलं की तो लक्ष ठेवतो, आणि शेजारची मासी तर घर, गोत्र, लग्न सगळं विचारून घेते. अंधार पडल्यावर अनोळखी गावात उतरायची वेळ येईल अशी गाडी घेऊ नका, आणि खावडा-धोळावीऱ्याची जीप एकटीनं ठरवू नका, स्टँडवर एखादं कुटुंब सोबतीला शोधा. बन्नीतल्या गावांमध्ये बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. भरतकाम घ्यायचं असेल तर जी बाई टाके घालते तिच्याकडूनच घ्या आणि फार घासाघीस करू नका. एका तुकड्यावर कित्येक महिन्यांची तिची नजर खर्ची पडलेली असते.

गुजराती येत नसेल तर?

हिंदीवर भागतं. कच्छी ही वेगळी भाषा आहे, सिंधीला जवळची. बडोद्याच्या मराठी माणसालाही ती पहिल्या दिवशी कळत नाही.

पावसामुळे गाडी रद्द झाली तर?

महामंडळानंच फेरी रद्द केली तर आरक्षणाचे पैसे परत मिळतात, तिकीट जपून ठेवा. पण गाडी अर्ध्या वाटेत थांबली तर स्टँडवरच थांबा, खासगी वाहनवाल्यांच्या 'पोचवतो' म्हणण्यावर निघू नका. भचाऊसारख्या वाटेवरच्या मोठ्या ठिकाणी रात्र काढायची सोय होते.

परतीचा प्रवास रात्री करावा की दिवसा?

सुरजबारीचा पूल दिवसाउजेडी ओलांडता येईल अशी गाडी घ्या आणि ड्रायव्हरच्या विरुद्ध, डाव्या बाजूची खिडकी धरा. डावीकडे छोटं रण, उजवीकडे खाडी. पावसाळ्यात दोन्हीकडे पाणीच असतं. ते ओसरलं की ऑक्टोबरच्या सुमाराला अगरिये कुटुंबासह रणात उतरतात, खाऱ्या पाण्याच्या विहिरी खणतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहून मीठ पिकवतात. त्यांच्या हंगामाची सुरुवात पाहायची असेल तर निघण्याची तारीख दसऱ्याच्या पुढे ढकला. म्हणजे बडोद्याचे गरबेही चुकणार नाहीत, फक्त दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत परतीचं आरक्षण करून टाका.